शस्त्रक्रियेंत रक्ताचा मागोवा



आज ज्या विषयावर आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत, तो विषय बैठकीच्या खोलींत सहसा निघत नाहीं. स्तनाचा कर्करोग हें नांव घरांत उच्चारण्याची वेळ आली, तरी बोलणाराचा आवाज आपोआप खालीं येतो. आणि रोगामुळें काढून टाकलेल्या स्तनाच्या जागीं नवा स्तन रचतां येतो, ही गोष्ट तर कित्येक सुशिक्षित कुटुंबांसही ठाऊक नसते. आज आपल्या देशांत स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. अर्थात् हा विषय आतां कोणा परक्याचा राहिलेला नाहीं. मी वैद्य नव्हे; मुलांना अनेक वर्षें शाळेंत शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. उपचार सांगण्याचा अधिकार मला नाहीं, आणि तसा माझा हेतूही नाहीं. परंतु एखादी गोष्ट कशी घडते हें समजलें, म्हणजे तिच्याविषयींची निम्मी भीति नाहींशी होते, हा शाळेंतला अनुभव मला येथेंही उपयोगी पडेल असें वाटतें.

आजचा प्रश्न थोडक्यांत असा आहे. जिवंत कातडी किंवा मांस मूळ जागेवरून सोडवून दुसरीकडे बसविलें, तर तें तेथें जगेल कीं नाहीं, हें शस्त्रवैद्यानें टेबलापाशीं उभें असतांनाच कसें ओळखावें? चार दिवसांनीं तें काळें पडलें म्हणजे कोणालाही कळेल. पण तेव्हां कळून उपयोग काय? कळावयाचें तें टांके घालण्यापूर्वीं कळलें पाहिजे. या एका प्रश्नाच्या उत्तरासाठीं रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि शस्त्रवैद्यक यांनीं मिळून काय साधलें आहे, तें आज पाहूं.

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकेंतील शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं १८८२ पासून स्तनाच्या कर्करोगासाठीं एक अत्यंत व्यापक शस्त्रक्रिया रूढ केली. तींत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेंतील गांठीही काढून टाकीत. रोग हटविणें हाच एक हेतु. मागें उरणाऱ्या छातीचें काय, हा विचार गौण होता. पुढें असें दिसून आलें कीं, बहुतेक रुग्णांत इतकें काढण्याची आवश्यकता नसते. शस्त्रक्रिया आटोपशीर झाली आणि रोग काढल्यावर स्त्रीला पूर्वीची आकृति परत देतां येईल काय, असा विचार बळावला. १९६२ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें क्रोनिन व गेरो या दोघांनीं सिलिकोनची पिशवी प्रथम वापरली. १९८२ सालीं कार्ल हार्ट्रॅम्फ यांनीं पोटाच्या खालच्या भागांतील कातडी व चरबी, तेथील उभ्या स्नायूसह वर वळवून तिचा स्तन घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर स्नायू जागच्या जागीं ठेवून त्यांतून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेण्याची युक्ति निघाली. १९८९ सालीं जपानमधील कोशिमा यांनीं ती प्रथम वर्णिली, आणि १९९४ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट ॲलन यांनीं स्तनाच्या पुनर्रचनेंतील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. तीच रीत आज पुष्कळ ठिकाणीं श्रेष्ठ मानिली जाते.

या सर्व रीतींच्या मुळाशीं एकच अट आहे: रक्त. जेथें रक्त पोंचतें, तेथें प्राणवायु पोंचतो आणि ती जागा जगते. जेथें पोंचत नाहीं, ती जागा मरते. ही गोष्ट आपल्या पुण्याला फार पूर्वींपासून माहीत होती, हें सांगितलें तर आपणांस कौतुक वाटेल. इंग्रज आणि टिपू यांच्या लढाईंत इंग्रजांच्या सैन्यांतील कावसजी नांवाचा एक गाडीवान टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें १७९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें. या क्रियेची हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें चित्रासह छापून आली. ती वाचून तिकडील वैद्य चकित झाले. आणि जोसेफ कार्प्यू यांनीं १८१४ सालीं लंडनमध्यें तीच क्रिया यशस्वी करून दाखविली.

आतां या क्रियेंतलें मर्म पाहा. कपाळाची कातडी तीन बाजूंनीं सोडविली, पण भुवयांच्या मध्यें तिचा एक लहानसा सांधा मुद्दाम तसाच ठेवला. त्या सांध्यांतून रक्त येत राहिलें, म्हणून ती कातडी नव्या जागीं जगली. सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नाकाच्या बाजूनें नव्या रक्तवाहिन्या रुजल्यावर, तो सांधा कापीत. त्या कारागिराच्या हाताशीं ना सूक्ष्मदर्शक होता, ना रासायनिक द्रव्य. पण देठ तोडला तर पान सुकतें, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. अशा देठासह उचललेल्या कातडीला व मांसाला इंग्रजींत ‘फ्लॅप’ म्हणतात. आपण त्याला ‘पदर’ म्हणूं. लुगड्याचा पदर जसा एका बाजूनें वस्त्राला जोडलेला असून दुसरीकडे मोकळा फिरतो, तसाच हा.

पदर जगतो तो देठाच्या बळावर. परंतु देठ शाबूत असला म्हणजे सगळा पदर जगेलच असें नाहीं. आमच्याकडे पाटाच्या पाण्यावर शेती करणारांना हें समजावून सांगावयास नको. पाटाच्या तोंडापाशीं असलेल्या शेताला भरपूर पाणी मिळतें, मधल्यालाही बऱ्यापैकीं मिळतें. आणि अगदीं शेपटाकडच्या शेतकऱ्याला मात्र पाणी येईल कीं नाहीं, याची रात्रभर वाट पाहात बसावें लागतें. पदराचें टोंक हें तें शेपटाकडचें शेत. इटलींतील शस्त्रवैद्य तान्सिनी यांनीं १८९६ सालीं छातीवरची जखम झांकण्यासाठीं पाठीच्या कातडीचा पदर योजिला होता. पण त्याचें टोंक मरूं लागलें. तेव्हां त्यांनीं खालच्या स्नायूसह पदर उचलण्यास आरंभ केला, आणि १९०६ सालीं ती सुधारलेली रीत प्रसिद्ध केली. कातडीला लागणारें रक्त खालच्या स्नायूंतून वर येतें, हें त्यांनीं हेरलें होतें.

कातडीला रक्त कोठकोठून येतें याचा पहिला मोठा नकाशा १८८९ सालीं कार्ल मांशो या तरुण विद्यार्थ्यानें स्ट्रासबुर्ग येथें तयार केला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९८७ सालीं, ऑस्ट्रेलियांतील टेलर आणि पामर यांनीं शरीराची वांटणी रक्तपुरवठ्याच्या तालुक्यांप्रमाणें केली. प्रत्येक मुख्य रोहिणीचा आपला असा एक मुलूख असतो, आणि शेजारच्या मुलखांशीं ती बारीक वाटांनीं जोडलेली असते, असें त्यांनीं दाखवून दिलें. परंतु नकाशा हा सर्वसाधारण माणसाचा असतो. टेबलावरील स्त्री ही एकच आणि विशिष्ट असते. तिच्या वाहिन्या नकाशाबरहुकूम असतीलच, असा कोठें नियम आहे?

स्तनाच्या पुनर्रचनेंत रक्ताचा हा प्रश्न दोन ठिकाणीं उभा राहतो. पहिलें ठिकाण म्हणजे छातीवरची मूळची कातडी. आजकाल शक्य असेल तेथें शस्त्रवैद्य स्तनाची ग्रंथि आंतून काढून घेतात आणि वरची कातडी राखतात, म्हणजे नव्या स्तनाला तिचें स्वतःचेंच आच्छादन मिळतें. पण या कातडीला रक्ताचा मोठा भाग त्या ग्रंथींतूनच येत असे. ग्रंथि गेली म्हणजे कातडीखालच्या चरबीच्या पातळ थरांतील वाहिन्यांवर सगळा भार पडतो. येथें शस्त्रवैद्य खरोखर कात्रींत सांपडतो. थर जाड ठेवावा, तर त्यांत रोगट ग्रंथीचा अंश राहण्याचें भय. पातळ ठेवावा, तर कातडी उपाशी राहण्याचें भय. दुसरें ठिकाण म्हणजे पोटावरून आणलेला पदर. तो तर देठासकट कापून छातीवर नेतात, आणि बरगडीखालून जाणाऱ्या, दोनतीन मिलिमीटर जाडीच्या वाहिन्यांशीं सूक्ष्मदर्शकाखालीं, केसाहून बारीक धाग्यानें जोडतात.

यांपैकीं कोठेंही रक्त कमी पडलें, तर परिणाम केवळ शोभेपुरता राहात नाहीं. कातडी काळी पडून मरते. ती काढून टाकावी लागते. खालीं सिलिकोनची पिशवी असेल तर ती उघडी पडते, तींत जंतुदोष शिरतो, आणि तीही काढावी लागते. सर्वांत वाईट गोष्ट अशी कीं, जखम भरेपर्यंत कर्करोगावरील पुढील औषधें किंवा किरणोपचार पुढें ढकलावे लागतात. म्हणजे टीचभर कातडीचा प्रश्न अखेर त्या स्त्रीच्या प्राणांशीं जाऊन भिडतो.

मग पूर्वीं शस्त्रवैद्य काय करीत? ते डोळ्यांनीं रंग पाहात. बोटानें दाबून कातडी पांढरी करीत आणि ती किती वेळांत पुन्हां लाल होते तें मोजीत. कडेला किंचित् टोंचून लाल रक्त येतें कीं काळसर येतें, कीं मुळींच येत नाहीं, तें पाहात. हाताच्या पाठीनें ऊब अजमावीत. या खुणा आजही पहिल्या, आणि अनुभवी हातांत त्या पुष्कळ कांहीं सांगतात. पण त्यांच्या मर्यादाही आहेत. शस्त्रक्रियागृह थंड असतें, भुलेच्या औषधांनीं रक्ताचा दाब उतरलेला असतो, आणि ओढाताणीनें कातडी फिकी पडलेली असते. शिवाय गव्हाळ किंवा सांवळ्या कातडीवर हे रंगबदल गोऱ्या कातडीइतके स्पष्ट उमटत नाहींत, ही आपल्या लोकांच्या दृष्टीनें विसरतां येण्यासारखी गोष्ट नव्हे. म्हणून डोळ्याला मदत करणारें कांहीं तरी साधन हवें होतें.

तें साधन प्रकाशानें दिलें. कांहीं पदार्थांचा असा गुण असतो कीं, त्यांवर एका जातीचा प्रकाश पाडला असतां ते दुसऱ्याच जातीचा प्रकाश बाहेर टाकतात. कोयनेलचें द्रावण दिसावयास पाण्यासारखें स्वच्छ. पण उन्हांत धरलें असतां त्याच्या पृष्ठभागीं निळसर झांक दिसते. जॉर्ज स्टोक्स यांनीं १८५२ सालीं या चमत्काराचा उलगडा केला आणि त्याला इंग्रजींत ‘फ्लुओरेसन्स’ असें नांव दिलें. आपण त्याला प्रतिदीप्ति म्हणूं. आपल्या घरांतल्या ट्यूबलाइटचें रहस्यही हेंच: नळींत उत्पन्न होणारा जंबुपार प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीं, पण नळीच्या आंतल्या बाजूस लावलेली भुकटी तो गिळते आणि त्याच्या बदल्यांत दिसणारा पांढरा प्रकाश देते.

आतां कल्पना करा कीं, असा एखादा निरुपद्रवी पदार्थ शिरेंतून रक्तांत सोडला. रक्त जेथें जेथें जाईल, तेथें तोही जाईल. मग योग्य प्रकाश पाडतांच, रक्त पोंचलेली कातडी उजळेल आणि न पोंचलेली अंधारांत राहील. १८७१ सालीं अडोल्फ फॉन बायर यांनीं प्रयोगशाळेंत तयार केलेलें ‘फ्लुओरेसीन’ हें पिवळें द्रव्य या कामीं प्रथम उपयोगांत आलें, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून शस्त्रवैद्य जंबुपार दिव्याखालीं त्याची पिवळसर-हिरवी चमक पाहूं लागले. परंतु त्यांत एक अडचण होती. तें द्रव्य वाहिन्यांतून झिरपून आजूबाजूच्या ऊतींत शिरतें, आणि तेथें कांहीं तास रेंगाळतें. त्यामुळें एकदां पाहिलें कीं पुन्हां लगेच पाहतां येत नाहीं. फळा पुसल्याशिवाय त्यावर दुसरें उदाहरण कसें मांडावें?

ही अडचण दूर करणारें द्रव्य ‘इंडोसायनिन ग्रीन’ या नांवाचें आहे. छायाचित्रणाच्या सामानासाठीं प्रसिद्ध असलेल्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९५० नंतरच्या दशकांत तें तयार झालें. १९५७ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें अर्विन फॉक्स व अर्ल वुड यांनीं हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढें ढकलतें, हें मोजण्यासाठीं तें वापरलें, आणि १९५९ सालीं तेथील सरकारी औषध-खात्यानें त्याला परवानगी दिली. म्हणजे द्रव्य जुनेंच; त्याचा स्तनाच्या पुनर्रचनेंतील उपयोग मात्र एकविसाव्या शतकांत, तशीं कॅमेरायंत्रें सिद्ध झाल्यावर, रूढ झाला.

या हिरव्या द्रव्याचे तीन गुण ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, रक्तांत शिरतांच तें तेथील प्रथिनांना चिकटतें, आणि म्हणून वाहिन्यांतून सहसा बाहेर झिरपत नाहीं, रक्ताबरोबरच हिंडतें. दुसरा असा कीं, यकृत त्याला झपाट्यानें उचलून पित्तावाटे बाहेर टाकतें. दर तीनचार मिनिटांनीं रक्तांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर येतें, आणि त्यामुळें त्याच शस्त्रक्रियेंत पुन्हां पुन्हां पाहणी करतां येते. तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा. आपल्या डोळ्यांना सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. हें द्रव्य त्यांच्या पलीकडची, सुमारें ८०० नॅनोमीटरची, अवरक्त लहर गिळतें आणि सुमारें ८३० नॅनोमीटरची लहर परत देतें. या पट्ट्यांतील प्रकाश रक्तांतल्या तांबड्या द्रव्यांत व पाण्यांत फारसा अडत नाहीं; त्यामुळें कातडीच्या आंत सुमारें एक सेंटिमीटरपर्यंतचा कारभार दिसूं शकतो. विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं सूर्यप्रकाशाच्या तांबड्या पट्ट्यापलीकडे ही अदृश्य उष्ण किरणें शोधलीं, तेव्हां त्यांचा असा कांहीं उपयोग होईल, हें त्यांच्या स्वप्नींही आलें नसेल.

प्रत्यक्ष क्रिया फार साधी आहे. रोगट ग्रंथि निघाली किंवा पदर जागेवर बसला, म्हणजे शस्त्रवैद्य भूल देणाऱ्या डॉक्टरांना खूण करतात. ते हाताच्या शिरेंतून कांहीं मिलिग्रॅम द्रव्य सोडतात. खोलींतले दिवे मंद करतात. छातीवर कॅमेरा धरतात; त्यांतूनच अवरक्त प्रकाश पडतो आणि परत येणारी लहर टिपली जाते. पडदा प्रथम काळा असतो. अर्ध्याएक मिनिटांत मध्यावर एक ठिपका उजळतो, त्यांतून फांद्या फुटतात, आणि पहांट झाल्यावर डोंगराच्या माथ्यावरून उजेड खालीं उतरावा, तसा प्रकाश कडेकडेला सरकत जातो. दोनतीन मिनिटांत चित्र पूर्ण होतें. जेथें उजेड पोंचलाच नाहीं किंवा फार उशिरा पोंचला, तो भाग शस्त्रवैद्य कातडीवर शाईनें आंखून घेतात.

मग निर्णय येतो. आंखलेला भाग लहान असेल तर तो तेथल्या तेथें कापून निरोगी कडा जोडतात. पोटाच्या पदराचें अंधारें टोंक काढून टाकतात. छातीची कातडी एकंदरीत दुबळी दिसली, तर तिच्यावर एकदम पूर्ण आकाराच्या पिशवीचा ताण न देतां, हळूहळू फुगवितां येणारी पिशवी आंत ठेवून ती रिकामीच राखतात. किंवा पुनर्रचना त्या दिवशीं थांबवून, कातडी सांवरल्यावर कांहीं दिवसांनीं करतात. थांबण्याचा निर्णय हा पराभव नव्हे, हें घरच्या मंडळींनीं समजून घेतलें पाहिजे. बाहेर वाट पाहणाऱ्यांना ‘आज नवा स्तन बसविला नाहीं’ हें ऐकून धक्का बसतो. परंतु त्या थांबण्यानेंच पुढील दोन शस्त्रक्रिया टळलेल्या असूं शकतात.

शस्त्रक्रियेच्या आधींही रक्ताचा मागोवा घेतां येतो. पोटाचा पदर घ्यावयाचा असल्यास, शिरेंत आयोडीनयुक्त द्रव्य सोडून पोटाचे क्ष-किरणांचे सूक्ष्म छेद घेतात, ज्याला आपण सी. टी. स्कॅन म्हणतों. त्यांत स्नायूंतून वर येणारी प्रत्येक बारीक रोहिणी कोठें आहे, किती जाड आहे, आणि स्नायूंत किती वळणें घेते, तें दिसतें. बेंबी हा मध्य धरून तिच्या डावी-उजवीकडील अंतरें मोजतात आणि पोटावर खुणा करतात. २००६ साली बार्सिलोना येथील मासिया आणि त्यांचे सहकारी यांनीं ही रीत वर्णिल्यावर तिचा प्रसार झपाट्यानें झाला. कारण आंधळेपणानें वाहिनी शोधण्यांत जाणारा वेळ तिनें वांचतो.

अशा पाहणीनें जुनीं मतेंही बदललीं. पोटाच्या पदराचे, हार्ट्रॅम्फ यांना अनुसरून, चार भाग कल्पिलेले आहेत. देठावरचा पहिला भाग उत्तम, त्यानंतर मध्यरेषेच्या पलीकडचा, आणि मग देठाच्याच बाजूचा बाहेरचा, अशी प्रतवारी पूर्वीं धरीत. म्यूनिख येथील होल्म आणि सहकाऱ्यांनीं २००६ सालीं हिरव्या द्रव्याच्या साह्यानें पाहिलें, तों देठाच्या बाजूचा बाहेरचा भाग अधिक चांगला उजळतो आणि मध्यरेषा ओलांडावयास रक्ताला कष्ट पडतात, असें आढळलें. वीस-पंचवीस वर्षें गिरविलेला क्रम चित्रानें बदलला. पाठांतरापेक्षां निरीक्षण श्रेष्ठ, हें आम्ही मुलांना सांगतों. शास्त्र तें आचरणांत आणतें.

आतां या साधनाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत; नाहीं तर हें व्याख्यान न राहतां जाहिरात होईल. चित्र दिसतें तें त्या क्षणापुरतें असतें. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून कातडींत ॲड्रिनॅलिन टोंचलें असेल, तर वाहिन्या आकुंचित होऊन, जगणारी कातडीही पडद्यावर अंधारी दिसते. रक्ताचा दाब उतरला असेल, तरी तसेंच. यंत्र उजेडाचें प्रमाण शेंकड्यांत सांगतें. परंतु किती उजेड म्हणजे जीवन आणि किती म्हणजे मरण, ही रेषा स्वच्छ नाहीं. २०१२ सालीं अमेरिकेंतील मॉयर आणि लॉस्कन यांनीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २५ टक्के किंवा त्याहून कमी उजेडाची कातडी शंभरांत ९० वेळां मेली, आणि ४५ टक्के किंवा अधिक उजेडाची ९८ वेळां जगली. मधला प्रदेश संदिग्ध. आणि नेमका तेथेंच शस्त्रवैद्याच्या अनुभवाचा कस लागतो. यंत्राचा कल एकंदरीत धोका वाढवून सांगण्याकडे असतो, असेंही दिसलें आहे. केवळ त्याच्या शब्दावर विसंबून कातडी कापीत गेलें, तर जगणारी कातडीही हकनाक जाईल.

शिवाय, रोहिणींतून रक्त आंत आलें हें चित्र चांगलें दाखवितें. पण नीलेंतून तें बाहेर पडतें कीं नाहीं, हें तितक्या सहज दिसत नाहीं. शेताला पाणी मिळालें, पण निचरा झाला नाहीं, तरीही पीक सडतें. आणि अशा स्थलांतरित पदरांत नीला तुंबण्याचे प्रसंग रोहिणी तुंबण्यापेक्षां अधिक येतात. २०२० सालीं ‘कॉक्रेन’ या प्रमाणभूत संस्थेनें कातडी मरण्याचें प्रमाण या चित्रणानें घटतें काय, याविषयीं झालेल्या ९ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतील एकाही अभ्यासांत रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निःपक्षपाती वांटणी केलेली नव्हती. म्हणून पुरावा अगदीं दुबळा आहे आणि निश्चित निर्णय देतां येत नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं दिला. तेव्हां हें यंत्र ज्या रुग्णालयांत नाहीं, तेथें शस्त्रक्रिया चांगली होतच नाहीं, असा समज कोणीही करून घेऊं नये.

शस्त्रक्रिया संपली तरी मागोवा संपत नाहीं. पोटाचा पदर छातीवर जोडला असेल, तर पहिल्या रात्रीं परिचारिका साधारण दर तासाला येऊन त्याचा रंग, ऊब आणि दाबल्यावर परतणारी लाली पाहते. एक लहान नळकांडें कातडीवर टेंकवून रक्ताचा आवाजही ऐकते. क्रिस्टियान डॉप्लर यांनीं १८४२ सालीं मांडलेल्या नियमावर हें यंत्र चालतें, आणि त्यांतून रोहिणीचा हूश्श, हूश्श असा तालबद्ध ध्वनि येतो. तो मंदावला किंवा पदर जांभळा पडूं लागला, तर रात्रीं दोन वाजतांही शस्त्रवैद्याला उठवितात. कारण गांठ कांहीं तासांच्या आंत काढली, तरच पदर वांचण्याची आशा असते. कोट्यवधि रुपयांच्या यंत्रांच्या जगांतही, दिव्याच्या उजेडांत जागणारी एक दक्ष परिचारिका अद्याप अनावश्यक ठरलेली नाहीं.

शेवटीं, आपणां घरच्या मंडळींच्या हातीं काय आहे? पुष्कळ आहे. तंबाखू कोणत्याही रूपानें शरीरांत गेली, तरी तिच्यांतील निकोटीन बारीक वाहिन्या आंवळून टाकतें. विडी-सिगारेट तर खरीच, पण आपल्याकडील कित्येक स्त्रिया मशेरी लावतात, पानांत तंबाखू घालतात, आणि तें व्यसन आहे असें त्यांना वाटतही नाहीं. ‘तुम्ही धूम्रपान करतां काय?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला त्या मोकळ्या मनानें ‘नाहीं’ म्हणतात. घरच्यांनीं ही गोष्ट न लाजतां सांगावी, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टर सांगतील तितके आठवडे आधीं ती सवय सोडवावी. मधुमेह आटोक्यांत ठेवावा. पूर्वीं छातीवर किरणोपचार झाले असल्यास तेंही सांगावें; त्या कातडींतील वाहिन्या कायमच्या दुबळ्या झालेल्या असतात. आयोडीनयुक्त औषधानें पूर्वीं त्रास झाला असेल, तर त्याची आठवण आवर्जून द्यावी. कारण या हिरव्या द्रव्यांतही थोडें आयोडाइड असतें.

आणखी एक. पुनर्रचना करावी कीं करूं नये, हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. पतीचा नव्हे, सासूचा नव्हे, शेजारणीचा तर नव्हेच. कोणी ती करून घेईल, कोणी कापडाची किंवा सिलिकोनची पट्टी चोळींत ठेवून समाधान मानील, कोणी तेंही करणार नाहीं. आणि तिघींचाही निर्णय सारखाच योग्य असेल. मात्र पर्याय आहेत हें तिला वेळेवर समजलें पाहिजे, आणि तें समजण्यासाठीं घरांत हा शब्द मोकळेपणानें उच्चारला गेला पाहिजे. कातडीखालीं रक्त कोठें अडलें आहे, हें पाहावयास शास्त्रानें अदृश्य प्रकाश शोधून काढला. घरांत बोलणें कोठें अडलें आहे, हें पाहावयास तसा प्रकाश लागत नाहीं; थोडी माया आणि थोडें धैर्य एवढें पुरतें.